फोनवर बोलता बोलता काढलेली होडी

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापला विषय कळवायचा असं ठरलं, तेव्हा कुणी गॅदरिंग घेतलं, कुणी एनसीसीचा कॅम्प, कुणी पी.टी.च्या सरांची शिट्टी. मी "शिडाच्या होडीचा इतिहास" असं ग्रुपवर टाकलं आणि दहा मिनिटांत उत्तर आलं, "काहून वं, आपल्या अकोल्यात नळ कवा येईन त्याचा पत्ता नाही, अन् तू होड्यायचं सांगून राहिली?"

प्रश्न रास्त आहे. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटरवर. शाळेत असताना आपण पाहिलेली होडी म्हणजे चिखलदऱ्याच्या तलावातली नाहीतर अमरावतीच्या वडाळी तलावातली पायडलची होडी. तरीही मी हाच विषय धरून बसले आहे, कारण ज्या होडीबद्दल मला सांगायचं आहे ती मुळात समुद्रासाठी आखलेलीच नव्हती. ती आखली होती घरापासून जवळ एखादं तळं असलेल्या, शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या आणि खिशात फार पैसे नसलेल्या माणसासाठी. पुढे ती ऑलिंपिकला गेली ही वेगळी गोष्ट.

होडीचं नाव लेसर. लांबी सुमारे ४.२ मीटर, म्हणजे आपल्या वर्गातले तीन बाक एकामागे एक लावले तर होईल तेवढी. रुंदी दीड मीटरच्या आत, वजन ५९ किलो. माणूस एक, शीड एक, डोलकाठी एक, पाण्यात खाली उतरणारी एक फळी आणि मागे सुकाणू. इंजिन नाही, छप्पर नाही, झोपायला जागा नाही. सकाळी पाण्यात घालायची आणि संध्याकाळी घरी न्यायची. अशा होड्यांना पश्चिमेकडे डे-सेलर म्हणतात, म्हणजे दिवसाच्या होड्या. लेसर ही त्या घराण्यातली अगदी साधी आणि खूप पसरलेली.

ती पसरली याचं अर्धं श्रेय फायबरला आहे, म्हणून आधी फायबर. आपल्याकडे फायबर म्हटलं की कूलरची बॉडी आठवते, शाळेतली घसरगुंडी आठवते, चौकातला पुतळा आठवतो. वस्तू एकच. काचेचे केसासारखे बारीक धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. आजीच्या गावी मातीत कुटार कालवून भिंत घालत, त्यातलंच हे तत्त्व आहे. नुसती माती तडकते, नुसतं कुटार उडून जातं, दोन्ही मिळून भिंत उभी राहते. इथे कुटाराच्या जागी काच आणि मातीच्या जागी रेझिन. काचेचे धागे मोठ्या प्रमाणावर काढायची रीत अमेरिकेत १९३० च्या दशकात बसली. पॉलिएस्टर रेझिन त्याच सुमाराचं. ओहायोतल्या रे ग्रीन नावाच्या माणसाने १९४२ साली या दोहोंची होडी केली, आणि १९४८ पासून त्याची रेबेल नावाची सोळा फुटी फायबरची शिडाची होडी विक्रीला आली. १९५० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडचा नामांकित होडी-रचनाकार उफा फॉक्स आणि अमेरिकेचा जॉर्ज ओ'डे यांनी मिळून एक फायबरची होडी बाजारात आणली. तिचं नावच डे सेलर.

त्याआधी होडी म्हणजे लाकूड. चांगलं लाकूड, चांगला सुतार, दरवर्षी खरवडणं, रंग, वॉर्निश. आणि दोन सुतारांच्या दोन होड्या कधीच सारख्या नसत, एकाच नकाशावरून केल्या तरी. फायबरमध्ये साचा असतो. साच्याला आतून मेण लावायचं, मग जेलकोटचा गुळगुळीत थर द्यायचा, त्यावर काचेची चटई अंथरून रेझिन चोपडायचं. रेझिन आपोआप तापतं, घट्ट होतं, आणि कवच साच्यातून उचलून घ्यायचं. गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती निघते तसंच. शंभरावी होडी पहिलीसारखीच निघते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जाता जाता शिडाचंही सांगते, कारण त्यात आपल्या कापसाचा संबंध यायला हवा होता आणि येत नाही. इंग्रजी बाजारात वऱ्हाडच्या कापसाला अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा हा ऊमरा जहाजं भरभरून गेला. पण आखूड धाग्याचा. शर्यतीच्या चांगल्या शिडांना लांब धाग्याचा इजिप्शियन कापूस लागे. आपला कापूस शिडाच्या जहाजांतून गेला खरा, उत्तम शीड मात्र त्याचं झालं नाही. १९५० च्या दशकात पॉलिएस्टरचं कापड आलं आणि इजिप्तचाही कापूस शिडावरून उतरला. लेसरचं शीड पहिल्यापासून पॉलिएस्टरचं.

आता मुख्य गोष्ट. साल १९६९. कॅनडातल्या माँट्रियलला इयान ब्रूस नावाचा औद्योगिक रचनाकार होता. एका मोठ्या दुकान-कंपनीला सहलीच्या सामानाची मालिका काढायची होती: तंबू, खाटा वगैरे. त्यात मोटारीच्या टपावर टाकून नेता येईल अशी एक छोटी होडीही हवी होती. ब्रूसने आपल्या मित्राला, ब्रूस कर्बीला, फोन लावला. (दोघांच्याही नावात ब्रूस आहे, गोंधळू नका. यापुढे एकाला इयान म्हणते आणि दुसऱ्याला कर्बी.) कर्बी मूळचा ओटावाचा, पेशाने वर्तमानपत्रातला माणूस, तेव्हा होड्यांच्या एका मासिकाचा संपादक. स्वतः पट्टीचा खलाशी, १९५६, १९६४ आणि १९६८ अशा तीन ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून उतरलेला. नौकारचनेचं शिक्षण मात्र त्याने कुठल्या कॉलेजात घेतलेलं नव्हतं. पुस्तकं वाचून आणि होड्या हाकून तो शिकला होता. आपल्यापैकी जे डिग्री नसताना उत्तम कोड लिहिणाऱ्या लोकांबरोबर काम करतात, त्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल.

फोनवर बोलता बोलता कर्बीने समोरच्या पॅडवर एक आकृती काढली. पुढचं टोक बारीक, मागचा भाग सपाट, बसायला उथळ खाच. नंतर त्याने ती मोजमापांसह नीट काढून इयानला पाठवली. कंपनीने होडीचा विचार सोडून दिला आणि नकाशा तसाच पडून राहिला. पुढे या रेखाटनाला लोक गमतीने दशलक्ष डॉलरची गिरगोटी म्हणायला लागले. गिरगोटी ती नव्हतीच, असं माझं मत आहे. वीस वर्षं होड्यांवर घासल्यानंतर हात आपोआप जे काढतो ते होतं. फोनवर असताना आपणही पॅडवर काढतो, पण आपल्या हातून चौकोन आणि फुलंच निघतात.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९७० मध्ये, कर्बीच्या मासिकाने अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या एका तळ्यावर स्पर्धा भरवली. अट एकच: होडीची किंमत हजार डॉलरच्या आत हवी. जगात अमेरिकाज् कप नावाची अब्जाधीशांची शर्यत आहे, म्हणून हिचं नाव थट्टेने अमेरिकाज् टीकप, म्हणजे चहाचा कप. पडून राहिलेला नकाशा बाहेर निघाला. इयानने होडी बांधली, हान्स फॉग या डॅनिश वंशाच्या ऑलिंपिक पदकविजेत्या शीडकाराने शीड शिवलं आणि तोच ती हाकायला बसला. पहिल्या दिवशी ती मागे पडली. फॉगने रात्रीत शिडाचा काप बदलला आणि दुसऱ्या दिवशी तिने आपल्या गटात बाजी मारली. तेव्हा तिचं नाव होतं वीकेंडर. शिडावर टी, जी, आय, एफ ही अक्षरं होती, म्हणजे 'सुटलो, आज शुक्रवार'. नोकरदारांची होडी हे तिच्या कपाळावरच लिहिलेलं होतं. लेसर हे नाव नंतर माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने सुचवलं. लेसर किरण तेव्हा दहाच वर्षांचा नवा शोध होता. जानेवारी १९७१ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये ती मांडली आणि त्या एका प्रदर्शनात १४४ होड्या विकल्या गेल्या.

तिच्यात काय आहे, असं विचाराल तर मी उलट सांगेन: तिच्यात काय काय नाही ते बघा. डोलकाठीला आधार द्यायला तारा नाहीत. अॅल्युमिनियमच्या दोन नळ्या एकात एक बसवायच्या आणि होडीच्या भोकात उभ्या करायच्या. शीड वर चढवायला दोरी-कप्पी नाही. उशीला अभ्रा घालतो तसं शीड काठीवर चढवायचं. दुसरं शीड नाही. पाणी उपसायला भांडं नाही, कारण होडी म्हणजे वरून बंद पेटी आहे. वरचं आणि खालचं कवच वेगवेगळ्या साच्यांतून काढून कडेला चिकटवलेलं, आत हवा. बसायची खाच इतकी उथळ की लाट आत आली तरी होडी पळायला लागली की पाणी तळाच्या छिद्रातून आपोआप निघून जातं. काठावर आल्यापासून पाण्यात उतरेपर्यंत सरावलेल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. प्रत्येक काढून टाकलेली वस्तू म्हणजे एक कमी मोडणारी वस्तू. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे वीस वर्षं ऐकतो आणि तरीही बटणं वाढवत राहतो.

भौतिकशास्त्राच्या सरांसाठी थोडं. वाऱ्याबरोबर होडी जाते हे समजतं, पण वाऱ्याच्या तोंडावर तिरकी कशी जाते? ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो सुर्रकन पुढे सुटतो ना, तसंच. एक बोट म्हणजे शिडावरचा वारा. दुसरं बोट म्हणजे पाण्याखालची फळी, जी होडीला आडवं सरकू देत नाही. मध्ये सापडलेली होडी पुढे निसटते. दुसरा प्रश्न वेगाचा. पाणी कापत जाणारी होडी स्वतःच एक लाट उठवते आणि त्या लाटेच्या घळीत अडकते. जेवढी होडी लांब तेवढी ही मर्यादा वरची. लेसरची पाण्यातली लांबी ३.८१ मीटर, त्यावरून हिशेब केला तर ही मर्यादा ताशी नऊ किलोमीटरच्या आत येते. म्हणजे सायकलपेक्षा हळू. पण मागचा तळ सपाट आणि वजन कमी असेल तर जोराच्या वाऱ्यात होडी स्वतःच्याच लाटेवर चढते आणि पाणी कापायचं सोडून पाण्यावरून घसरायला लागते, तळ्यात फेकलेला चपटा दगड टप्पे खात जातो तशी. मग नऊची मर्यादा राहत नाही. कर्बीची खरी करामत इथे आहे. हलक्या वाऱ्यात न अडखळणारं बारीक नाक आणि जोराच्या वाऱ्यात घसरणारी सपाट पाठ, या दोन उलट गोष्टी त्याने चार मीटरांत बसवल्या.

आणि होडीपेक्षा माणूस जड आहे. होडी ५९ किलो, तर कर्बीच्या मनातला खलाशी सुमारे ८० किलोचा. वाऱ्याने होडी कलली की पट्ट्यात पाय अडकवून अंग मागे बाहेर टाकायचं आणि तिला सरळ ठेवायचं. वजनाचा काटा म्हणजे तुम्ही स्वतः. पोटाचे आणि मांड्यांचे स्नायू दुसऱ्या दिवशी हजेरी घेतात.

आता ती साच्याची गोष्ट. शर्यतीच्या होड्यांत पैशाचा खेळ फार. एकाने हलकी होडी केली की दुसरा त्याहून हलकी करतो, तिसरा कार्बनची काठी आणतो, आणि शेवटी ज्याचं पाकीट जाड तो जिंकतो. लेसरच्या लोकांनी पहिल्यापासून ठरवलं की होडी परवानाधारक कारखान्यातच बनेल, ठरलेल्या साच्यातून, काचेचे किती थर आणि किती रेझिन हे लिहिलेल्या पुस्तिकेप्रमाणे. घेणाऱ्याने तिच्यात काहीही बदलायचं नाही. घासून गुळगुळीत करायचं नाही, वेगळं शीड लावायचं नाही. सगळ्यांची होडी एक, म्हणून जिंकला तर माणूस जिंकला. १९७४ साली बर्म्युडाला पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये लेसर आली आणि पहिलं सुवर्ण ब्राझीलच्या रॉबर्ट शाइटने नेलं. आजवर दोन लाखांहून जास्त होड्या बनल्या आहेत.

एक अडचण मात्र होती. ८० किलोच्या माणसासाठी केलेली होडी हलक्या माणसाला जोराच्या वाऱ्यात आवरत नाही. यावर काढलेला उपाय मला सगळ्यात जास्त आवडतो. होडी बदलली नाही, फक्त काठीची खालची नळी आखूड केली आणि शीड लहान केलं. मूळ शीड ७.०६ चौरस मीटरचं, मधलं रेडियल ५.७६ चं, आणि सगळ्यात लहान ४.७ चं. कवच तेच. म्हणजे एका क्लबात दहा होड्या असतील तर सकाळी त्यांवर मुली शिकतील आणि दुपारी मोठे पुरुष. रेडियल २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून महिलांची होडी झाली.

हक्कांची भांडणंही झाली. रचनाकार, कारखानदार आणि खेळाडूंची संघटना यांच्यात नावावरून आणि मानधनावरून वर्षानुवर्षं वाद चालला, कोर्टापर्यंत गेला. नाव एका पक्षाच्या मालकीचं, त्यामुळे २०१९ मध्ये संघटनेने होडीलाच नवं नाव दिलं: आयएलसीए. तीन शिडांच्या होड्या झाल्या आयएलसीए ७, ६ आणि ४. होडी तीच, पाटी बदलली. ओपन सोर्सवाल्यांना हा प्रकार नवा नाही. इयान २०१६ साली गेला, कर्बी २०२१ साली. लोक अजूनही तिला लेसरच म्हणतात, आपण राजकमल चौकाला राजकमलच म्हणतो तसे.

आता आपल्या देशात येऊ. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. स्वातंत्र्यापूर्वी तिथे हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. म्हणजे समुद्राकाठी राहणाऱ्यालाही हा खेळ लांबूनच बघायचा होता. स्वातंत्र्यानंतर सैन्यदलांनी आणि मुंबईच्या काही पारशी कुटुंबांनी तो धरून ठेवला. १९८२ चा आशियाड दिल्लीचा म्हणून आपल्या आईवडिलांना आठवतो, रंगीत टीव्ही आला म्हणून. पण त्यातल्या शिडाच्या शर्यती मुंबईला झाल्या होत्या. तिथे फायरबॉल नावाच्या दोघांच्या होडीत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्ण मिळवून दिलं. आणि एंटरप्राइज नावाच्या तेरा फुटी होडीत सुवर्ण नेलं ते पाकिस्तानच्या बैराम आणि गोश्पी आवारी या पारशी नवरा-बायकोने. आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी गोश्पीबाई ही पाकिस्तानची पहिली स्त्री. एकाच बंदरात, एकाच आठवड्यात, सीमेच्या दोन्ही बाजूंचे पारशी सोनं घेऊन गेले. या दोन्ही होड्या मुळात प्लायवूडच्या, इंग्रज माणसांनी आखलेल्या, फायबरमध्ये पुढे आल्या. १९९३-९४ चा खेलरत्न पुरस्कार होमी मोतीवाला आणि पी. के. गर्ग या नौदलाच्या दोन अधिकाऱ्यांना मिळाला, तोही याच खेळासाठी. आपण तेव्हा सातवी-आठवीत होतो. सामान्य ज्ञानाच्या तासाला खेलरत्न म्हणून आनंद आणि कर्णम मल्लेश्वरी पाठ केल्याचं आठवतं. ही जोडी आठवत नाही.

या खेळाला समुद्र लागत नाही हे मला हैदराबादला कळलं. नोकरीने मी तिथे गेले. हुसेनसागर हा सोळाव्या शतकात कुतुबशाहीत बांधलेला तलाव. दरवर्षी पावसाळ्यात, जुलैच्या सुमाराला, त्यावर पांढरी त्रिकोणी शिडं दिसतात. सिकंदराबादच्या सैन्याच्या ईएमई विभागाचे लोक तिथे लेसरच्या देशपातळीवरच्या शर्यती भरवतात. ज्या निजामाकडे एकेकाळी आपला वऱ्हाड होता, त्याच्या राजधानीत समुद्रापासून एवढ्या लांब, बुद्धाच्या पुतळ्याला वळसा घालून होड्या पळतात. पुण्याजवळ खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे कॅडेट शिकतात, तेही धरणच.

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी तिथे एका शिकवणीला नाव घातलं. पहिल्याच दिवशी होडी मुद्दाम उलटवायला लावतात. शिकवणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा. तो म्हणाला, "मॅडम, आधी पडायचं, मग भीती जाते." होडी आडवी झाली की तिची ती फळी पाण्याबाहेर येते. पोहत जाऊन त्या फळीवर दोन्ही पाय ठेवायचे, काठ धरायचा आणि मागे रेलायचं. तरफेचा पहिला नियम, आठवीच्या विज्ञानाचा. माझ्यासारख्या बेताच्या वजनाच्या बाईने उलटी पडलेली होडी एकटीने सरळ केली, कुणाचा हात न लागता. कर्बीने हवाबंद पेटी केली नसती, काठीवर तारा आणि कप्प्या ठेवल्या असत्या, तर हे एकटीचं काम राहिलं नसतं. त्याच्या नकाशातला प्रत्येक निर्णय त्या दिवशी मला गुडघ्याला आणि खांद्याला समजला.

आणि आता भोपाळ. हैदराबादपेक्षा आपल्याला जवळचं, सोयरिकीचं शहर, आपल्यापैकी दोघींचं तर सासर. तिथल्या मोठ्या तलावावर नॅशनल सेलिंग स्कूल आहे. हा तलाव राजा भोजाने बांधल्याचं सांगतात. तिथे शिकलेली नेहा ठाकूर ही देवास जिल्ह्यातल्या अमलाताज गावच्या शेतकऱ्याची मुलगी. माळवा म्हणजे सोयाबीन, गहू, काळी माती. समुद्राशी त्याचा आपल्याइतकाच संबंध. २६ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सतरा वर्षांच्या नेहाने मुलींच्या आयएलसीए ४ मध्ये रौप्यपदक मिळवलं. दुसऱ्याच दिवशी विष्णू सर्वाननने पुरुषांच्या आयएलसीए ७ मध्ये कांस्य आणलं. त्याआधी टोकियो ऑलिंपिकला याच कुळातल्या रेडियलवर चेन्नईची नेत्रा कुमनन गेली होती. ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यतीला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय स्त्री.

या शर्यतींची गुणपद्धत आपल्याला चांगली समजेल. अनेक फेऱ्या होतात, पहिला आला तर एक गुण, पाचवा आला तर पाच. ज्याचे गुण सगळ्यात कमी तो वर, आणि सगळ्यात वाईट फेरी गाळून टाकतात. दहावीला आपल्यानंतरच्यांना मिळालं ते बेस्ट ऑफ फाइव्ह म्हणा. एका दिवसाच्या वाऱ्याने सगळं वाहून जात नाही.

आता पुन्हा त्या ग्रुपवरच्या प्रश्नाकडे येते, नळाच्या. अकोल्याचं पिण्याचं पाणी काटेपूर्णा धरणाचं, महानचं. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा आहे. तेल्हाऱ्याकडे वानचं धरण आहे. पिण्याच्या पाण्यात होड्या कशा घालणार, असं पाटबंधारेवाला कुणीही विचारेल, आणि विचारायलाच हवं. पण भोपाळही त्याच मोठ्या तलावाचं पाणी पितं. शिडाच्या होडीला डिझेल लागत नाही, तेल गळत नाही, आवाज नाही. महानला अभयारण्य लागून आहे, तिथे अडचण मोठी आहे हे मान्य. वानचं पाणी डोंगरात आणि वाट लांबची. माझ्या मते अप्पर वर्धा सगळ्यात सोयीचं: पाणी मोकळं, आणि अमरावतीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर. उन्हाळ्यात पाणी उतरतं, तेव्हा होड्या पालथ्या घालून ठेवता येतात. फायबरला वाळवी लागत नाही.

आपल्या बॅचमध्ये एक जण जलसंपदात आहे, दोघे जिल्हा परिषदेत, एक फायबरच्या कूलरचा कारखाना चालवतो, आणि तिघी शाळांमध्ये शिकवतात. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतर, मी लॅपटॉपवर नेहाच्या शर्यतीची चित्रफीत लावणार आहे. कुणाला बसायचं असेल त्याने बसावं. कूलरवाल्याने तर नक्की बसावं, साचा कसा करतात ते त्याला माझ्याहून चांगलं कळतं. आयएलसीए ४ चं ते लहान शीड पन्नास-पंचावन्न किलोच्या आसपासच्या मुलामुलींना झेपेल असं कापलेलं आहे. शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणीला वजनं घेत. नववी 'ब' मधल्या आपण बऱ्याच जणी त्यात बसलो असतो.